म्हसोबाचा कोपरा

बुधवार, १४ ऑक्टोबर १९९८. येडगाव. सकाळी धुकं, नऊनंतर लख्ख ऊन. पंप बिघडला, हापशावरून पाणी आणवलं. दुपारी कुंडलिकरावांच्या शेतात ट्रॉलीभर फरशी उतरली. म्हसोबाला ओटा बांधायचा आहे म्हणतात. साळूबाई चारला आली. चहा अर्धा बशीत ठेवून उठून गेली. असं आजवर झालेलं नाही.

साळूबाई चहा टाकून उठली याचा अर्थ काय, हे तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. म्हणून आधी तिच्याविषयी सांगते.

साळूबाई माझी शेजारीण. माझे यजमान डॉक्टर. धरणाचं काम चालू असताना त्यांनी येडगावात दवाखाना काढला आणि मग आम्ही इथलेच झालो. ते गेल्यावर मुलगा पुण्याला चल म्हणून मागे लागला होता, पण मी राहिले. आमच्या घरामागच्या कुंपणाला लागूनच साळूबाईच्या घरची जमीन सुरू होई. तिचे मालक धर्माजी फार पूर्वी वारले. मूल एकच, मुलगी, ती मंचरला दिलेली. धाकटे दीर कुंडलिकराव आणि जाऊ सारजाबाई यांच्याबरोबर साळूबाई एकत्र राहत होती. कागदावर निम्मी जमीन तिची. पण काय पेरायचं आणि कधी काढायचं हे दीर ठरवीत आणि तिनं त्यात कधी तोंड घातलं नव्हतं.

अंगानं ती काटकुळी, आवाज मात्र रांजणातून आल्यासारखा. रोज चारच्या सुमाराला मागच्या फाटकातून यायची, ओट्यावर पाय पसरून बसायची आणि चहा बशीत ओतून प्यायची. शेवटचा घोट झाला की बशी पालथी घालून म्हणायची, "झाला दवाखाना." डॉक्टर जाऊन नऊ वर्षं झाली तरी माझ्या ओट्याचं नाव तिच्या लेखी दवाखानाच होतं.

मी रोज डायरी लिहिते याची तिला मोठी गंमत वाटे. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर बेनेडिक्टांनी ही सवय लावली. दिवसाकाठी चार ओळी, त्यातली एक तरी घरकामाची, म्हणजे माणूस जमिनीवर राहतो असं त्यांचं म्हणणं. साळूबाई विचारायची, "आज आमच्या म्हशीनं लाथ मारली, ती लिवली का?" बहुतेक वेळा मी ती लिहिलेली असे.

ती मूळची आण्याची. आण्याच्या पठारावर पाण्याची काय गत होती ते जुन्या लोकांना माहीत आहे. "आमच्याकडं पाणी म्हंजी पावणा," ती म्हणायची, "आला तर आला, बसा म्हणायच्या आत निघाला." तिथं वाढल्यामुळे असेल, तिच्या काही रीती होत्या. बोरीच्या शेंड्याची बोरं ती कधी पाडू देत नसे. "वरचं पाखराचं, खालचं मुंगीचं, मधलं आपलं." शेतातून निघताना बांधावर उभी राहून पदर झटकायची आणि त्यात अडकलेली शेंग किंवा दाणा शेतातच पडू द्यायची. सारजाबाई हसून म्हणायच्या, आमच्या जाऊबाई शेताला पगार देऊन घरी येतात.

आता सरव्याविषयी. भुईमूग उपटला की सगळ्या शेंगा वेलाबरोबर वर येत नाहीत, काही मातीतच तुटून राहतात. मालकाची काढणी आटोपली की ज्यांना शेत नाही अशा बाया खुरपी घेऊन यायच्या आणि त्या राहिलेल्या शेंगा उकरून न्यायच्या. हा सरवा. त्याला कुणाला विचारावं लागत नसे. मालक बांधावरून जाताना "मिळतंय का गं?" एवढं विचारी, बाया "हाये थोडं थोडं" म्हणत आणि ते खरं असो नसो, उत्तर तेच असे.

कालव्याचं पाणी आलं, मग कुंडलिकरावांकडे ट्रॅक्टर आला. तेव्हापासून भुईमूग उपटून झाला की ते सगळं रान कुळवून घेऊ लागले, वर आलेल्या शेंगा घरच्या माणसांकडून वेचून घेऊ लागले आणि मग पुन्हा एकदा आडवं कुळवू लागले. त्यानंतर आलेल्या बायांना ढेकळं तेवढी मिळत. पुढच्या वर्षी त्यांनी बायांना बांधावरच अडवलं. त्यांचं म्हणणं, कष्ट माझे, डिझेल माझं, मग शेंग कुणाची?

कुंडलिकराव वाईट माणूस होते असं कुणी समजू नये. माझा पंप त्यांनी कितीदा तरी खोलून दिला आणि कधी चहावर बोळवण होऊ दिली नाही, म्हणजे चहासुद्धा घेतला नाही. पण पाणी आल्यापासून त्यांच्या डोळ्यांना बांधाच्या आतली प्रत्येक गोष्ट आपली दिसू लागली होती. मातीखालची, न दिसणारीसुद्धा.

अडवलेल्या बायांत बायडाबाई होती. ती आहुप्याकडची. नवरा हिरडा झोडताना झाडावरून पडून गेला. भाऊ म्हणाले माहेरी ये. पण घरात आंधळी सासू होती आणि तिला नेऊन ठेवायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा बायडाबाई सासूला घेऊन डोंगर उतरली, निंदणी-खुरपणीला आमच्या बाजूला आली आणि कुंडलिकरावांच्या खालच्या बांधापलीकडे कालव्याच्या कडेला झोपडी घालून राहिली. पन्नाशीची असेल. फार कमी बोलायची. सरव्याच्या शेंगा हे तिचं वर्षाचं तेल आणि कालवण. त्यातलीच थोडी भाजून सासूच्या हातात द्यायची, म्हातारीचा दिवस एकेक शेंग सोलण्यात जायचा. सरवा बंद झाला तेव्हा त्या दोघींच्या ताटातून काय गेलं ते सांगायला नको.

बायांना अडवलं त्या दिवशी साळूबाई माझ्याकडे आली ती गप्पच होती. बांधावर दीर आणि बाया यांची बोलाचाली तिनं पाहिली होती, पण ती काही बोलली नव्हती. मीच मग तिला एक गोष्ट सांगितली. मी ख्रिस्ती नाही, पण बायबलच्या गोष्टी सिस्टरांनी आम्हाला इतक्या प्रेमानं सांगितल्या की त्या माझ्या आजोळच्या गोष्टींइतक्याच माझ्या झाल्या आहेत. रूथ नावाची परमुलखातली एक विधवा. सासूला सोडून जा असं सगळे सांगत असताना ती गेली नाही, तिच्याबरोबर तिच्या गावी आली आणि दोघींच्या पोटासाठी लोकांच्या शेतात सरवा वेचू लागली.

साळूबाईनं बशी खाली ठेवली. "ही बायडीचीच गोष्ट की. त्यांना कशी कळली?"

मी म्हटलं, फार जुनी गोष्ट आहे. मग पुढचं सांगितलं. ज्याचं शेत होतं तो भला माणूस होता. त्यानं गड्यांना सांगितलं, तिला हटकू नका, उलट पेंढ्यांतून चार कणसं मुद्दाम गळू द्या. शेवटी त्यानं रूथशी लग्न केलं हेही मी सांगितलं.

"तेवढं ऱ्हाऊ द्या," साळूबाई म्हणाली. "बायडीचं आता कोण करतंय. पण कणसाचं चांगलं हाये."

मग मी सांगितलं की तो माणूस काही जगावेगळं करत नव्हता. त्या लोकांना तशी आज्ञाच होती. शेत कापताना कडेपर्यंत कापायचं नाही, कोपरे राखायचे. राहिलेलं वेचायला परत फिरायचं नाही. ते गरिबाचं, विधवेचं, परक्या मुलखातून आलेल्याचं.

"ह्ये कुणी सांगितलं?"

"देवानं."

"कुणाला?"

"ज्यांची शेतं होती त्यांना."

"बेस केलं," साळूबाई म्हणाली. "ज्यांची न्हाईत त्यांना सांगून काय उपेग." आणि बशी पालथी घालून गेली.

पुढच्या वर्षी भुईमूग निघाला तेव्हा खालच्या बांधाचा, करंजाच्या झाडाजवळचा कोपरा उभाच राहिलेला मला घरामागून दिसला. एखादं खळं असावं एवढी जागा. संध्याकाळी कळलं ते असं. कुंडलिकरावांनी गड्यांना तिकडे वळवलं तेव्हा साळूबाई आडवी जाऊन उभी राहिली. करंजाखाली एक गुडघाभर उंचीचा दगड होता. ती म्हणाली की हा म्हसोबा. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, तिला सांगून गेल्या होत्या की हा कोपरा त्याचा, ह्यातलं घरात आणायचं नाही. इतकी वर्षं आपण विसरलो, आता विसरू नये.

कुंडलिकराव बाजार समितीत कुणाला भीत नसत, पण देवाला भीत आणि आईच्या शब्दाला त्याहून जास्त. कोपरा राहिला. दोन दिवसांनी बायडाबाई आणि तिच्यासारख्या चार-सहा जणी आल्या आणि साळूबाईनं सांगितलं, घरात न्यायचं नाही ते आमच्या घरात, तुमच्या नव्हे.

चारच्या चहाला मी तिला विचारलं की सासूबाईंनी हे कधी सांगितलं.

"कवाच न्हाई," ती म्हणाली. "तुमच्या त्या देवाचं नाव सांगितलं असतं तर भाऊजींनी मला येरवड्याला न्हेलं असतं. आमच्यात म्हसोबाचंच ऐकत्यात."

मी म्हणाले, पण साळूबाई, खोटं ते खोटंच.

"व्हय," ती म्हणाली, "आन उपाशी ती उपाशीच."

सिस्टर बेनेडिक्टांनी यावर काय उत्तर दिलं असतं याचा मी बरेच दिवस विचार केला. त्या दिवशी तरी मी तिला आणखी अर्धा कप चहा दिला.

दोन हंगाम असे गेले. मी कधी त्या बाजूनं फिरायला गेले तर दगडाला शेंदूर दिसे, पुढे पणतीची काजळी. मला वाटे साळूबाई आपलं सोंग नीट वठवते आहे. तिला वाटत होतं जाऊबाई दिवा लावतात. आम्ही दोघींनीही कुणाला विचारलं नाही.

मग अठ्ठ्याण्णव साल आलं. त्या वर्षी कांद्याला कधी नव्हे तो भाव आला आणि कुंडलिकरावांच्या चाळीत कांदा शिल्लक होता. बाकीचे लोक म्हणाले नशीब. कुंडलिकराव म्हणाले म्हसोबा. आईनं सांगितलेलं आपण पाळलं, त्यानं दिलं. त्यांचं ते मनापासूनचं होतं, यात मला शंका नाही. पण त्यांचं मनही त्यांच्या ट्रॅक्टरसारखं होतं, एकदा सुरू झालं की बांधापर्यंत जायचंच. देव एवढा देतो, तर त्याचं ठिकाण नीट केलं की आणखी देईल. ओटा बांधायचा, फरशी घालायची, वर पत्रा, भोवती तारेचं कुंपण, दानपेटी, आणि नाव लिहिलेली पाटी: नवसाचा म्हसोबा, येडगाव. खाली त्यांचं स्वतःचं नाव. कोपऱ्यातला भुईमूग उभ्या पिकाचा लिलाव करून विकायचा, ते उत्पन्न देवाच्या मंडपाला. आणि देवाच्या जागेत आता कुणी खुरपं घेऊन शिरायचं नाही, विटाळ होतो.

हे त्यांनी चारचौघांत जाहीर केलं त्या दिवशी फरशी उतरली आणि साळूबाई अर्धा चहा ठेवून उठली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "बाई, मी बांधलेली गाठ आता मलाच सुटंना. म्हसोबा न्हाई म्हणावं तर उद्या कुळव फिरंल. हाये म्हणावं तर कुंपण पडतंय. बायडी दोन्हीकडून भाईरच."

मी तिला म्हटलं की हेही त्या पुस्तकात आहे. काही लोक असे होते की म्हाताऱ्या आईबापांना द्यायचं ते द्यायला नको म्हणून ते देवाला वाहिलं असं जाहीर करत. मग आईबापांनी मागायची सोय उरत नसे. येशू त्यांच्यावर फार संतापला होता.

साळूबाईनं ऐकून घेतलं. "म्हंजी त्यांच्याकडं पण फरशी बसवत व्हते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मंग त्यानं काय क्येलं?"

मी म्हणाले, तोंडावर खरं सांगितलं.

"त्याचं बरं. त्याला दिराच्या घरात ऱ्हायचं नव्हतं."

ती हसली, पण त्या दिवशीही चहा संपला नाही. तिच्यापुढे काय होतं ते मला दिसत होतं. पंचवीस वर्षं ती त्या घरात कुणाचा शब्द न मोडता मानानं राहिली होती. मेलेल्या सासूच्या नावानं खोटं बोलले हे तिनं कबूल केलं असतं तर तो मान गेला असता. आणि तो घालवूनही बायडाबाईला शेंग मिळेलच असं नव्हतं.

उठताना ती एकदम म्हणाली, "आण्याला आमच्या आयनं एकदा मटकीचा सरवा धरला व्हता, दुष्काळात. मालकानं आमच्या देखत रानात गुरं सोडली. त्याच्या गुरांना काय भूक नव्हती. आमाला मिळू नये म्हणून." एवढंच. हे तिनं मला आधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही पुन्हा काढलं नाही.

भाऊबिजेनंतरच्या रविवारी लिलाव ठरला होता. मीही गेले. गावातली पंधरा-वीस माणसं जमली होती. गेणभाऊ आले होते. ऐंशीच्या घरातले, गावच्या देवादिकांच्या रीतिरिवाजाचं कुणाला काही विचारायचं असलं की त्यांनाच विचारत. फरशी अजून बसली नव्हती, करंजाला टेकवून रचून ठेवलेली होती. लोक तिच्यावरच बसले होते. कालव्याच्या बाजूला, बांधाबाहेर, बायडाबाई आणि तिच्याबरोबरच्या बाया उभ्या होत्या. हातात खुरपी नव्हती.

कुंडलिकरावांनी नारळ फोडला आणि बोली सुरू करायला सांगणार, तोच साळूबाई पुढे झाली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. आवाज नेहमीचाच.

"भाऊजी, थांबा. इथं म्हसोबा न्हाई. आत्याबाई मला काय बी बोलल्या नव्हत्या. मी माज्या मनानं सांगितलं. कोपरा ऱ्हावा, गरिबाला मिळावा, म्हणून सांगितलं. दोष लागायचा तो मला लागू द्या."

सारजाबाईंनी तोंडाला पदर लावला. कुंडलिकराव वहिनीकडे बघत राहिले. मला वाटलं ते भडकणार, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, गोंधळ होता.

"वयनी," ते म्हणाले, "तुमी म्हणाला हाये, तवा हाये. आता तुमी म्हणता न्हाई, तर न्हाई व्हय? देव हाये का तुमचा गडी? कांद्याचं मंग कुणी दिलं?"

लोक हसले. एकजण म्हणाला, खरं हाये राव, माझ्या म्हशीचं मी इथंच बोललो व्हतो, ती चांगली झाली. दुसऱ्यालाही काहीतरी आठवलं. साळूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं सांगितलं आणि ते कुणालाच नको होतं.

तेवढ्यात बांधाबाहेरून बायडाबाई आत आली. कुणी अडवायच्या आत ती साळूबाईपाशी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पडलेला होता.

"आक्का, आसं नका म्हणू," ती म्हणाली. "त्यानं मला अन् माज्या सासूला पोटाला घातलं. तो न्हाई आसं कसं? मी रोज दिवा लावते त्याला."

साळूबाई तिच्याकडे बघतच राहिली. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण कोपऱ्याच्या राखणीसाठी जो देव उभा केला त्याच्यावर सगळ्यांच्या आधी बायडाबाईनंच विश्वास ठेवला होता. खोटं दिराला सांगितलं होतं, लागलं होतं हिला.

गेणभाऊ फरशीवरून काठी टेकत उठले. "रोज तू लावतीस दिवा?"

"व्हय."

"अंधारून आलं, पाऊस आला, तरी?"

"झोपडी हितंच हाये. सासू आठवण देती. तिला दिसत न्हाई, पण वेळ कळती."

गेणभाऊंनी सारजाबाईंकडे पाहिलं, कुंडलिकरावांकडे पाहिलं. "तुमच्या घरातून कोण येतं दिवा लावाया?"

कुंडलिकराव म्हणाले, अमावस्येला नारळ असतो.

"नारळ निराळा," गेणभाऊ म्हणाले. "आपल्या भैरोबाच्या रानाचं पीक कोण न्हेतं? गुरव न्हेतो. का? तर दिवा-झाडलोट त्याची. तुमचा बा न्हेत नव्हता, माजा न्हेत नव्हता. देवाच्या जागंचं पीक दिवा लावणाऱ्याचं. ह्यात लिलाव कशाचा मांडलाय?"

कुंडलिकराव म्हणाले, पण जमीन माझी आहे.

"आता तर म्हणालास देवाची हाये," गेणभाऊ म्हणाले. "एकदा नक्की कर. तुजी आसंल तर फरशी परत पाठव आन कुळव घाल. देवाची आसंल तर बायडाबाईची."

पुन्हा लोक हसले, पण या वेळी कुंडलिकरावांना. ते उभे राहिले कोपऱ्याकडे बघत. त्यांनी पाटी रंगवायला दिली होती. नारळ फोडून झाला होता, खोबऱ्याचे तुकडे ताटात होते. कुळव घालायचा तर आईचं नाव आणि कांद्याचा देव, दोन्ही नांगराखाली घालायचे. शेवटी त्यांनी ताट उचललं आणि प्रसाद वाटायला सुरुवात केली. पहिला तुकडा बायडाबाईच्या हातावर ठेवला.

बायडाबाईनं खोबरं पदराला बांधलं आणि बांधाकडे वळून म्हणाली, "या गं. खुरपी आणा." एकटीनं घ्यायचं हे तिच्या मनात आलंच नसावं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. कुंपण पडलं नाही. ओटा झाला, छोटासाच, आणि उरलेल्यांतल्या चार फरश्या कुंडलिकरावांनी बायडाबाईच्या झोपडीच्या दाराशी टाकून दिल्या, चिखल होतो म्हणून. पाटीही लागली, त्यांच्या नावासकट. कुंडलिकराव बदलले असं मी लिहिणार नाही. बाकीच्या रानात ट्रॅक्टर अजून दोनदा फिरतो. पण भुईमूग निघाला की आपण होऊन गड्यांना ओरडतात, "कोपरा सोडा रे, बायडाबाईचा हाये," आणि कुणी नवीन माणूस भेटला की आईनं कसं सांगून ठेवलं होतं ते त्याला रंगवून सांगतात. साळूबाई ते ऐकत बसायची आणि मान डोलवायची.

साळूबाई दोन हजार चारच्या थंडीत गेली, दोन दिवसांच्या तापानं. तिची मुलगी मंचरहून आली होती. तिनं विचारलं, आईचं काही तुम्हाला ठेवायचं का. मी ती बशी दाखवली, जी माझ्याच घरातली होती, आणि म्हटलं, हे माझ्याकडेच आहे. दहाव्याला बायडाबाईनं म्हसोबापुढे दोन पणत्या लावल्या. तेव्हा तिची सासूही राहिली नव्हती. सिस्टर बेनेडिक्टा असत्या तर त्यांना मी हे सगळं कळवलं असतं. खोट्याबद्दल त्या रागावल्या असत्या, आणि कोपऱ्याबद्दल त्यांनी पत्राच्या शेवटी एक ओळ घातली असती, अशी माझी समजूत आहे.

पण मला त्या रविवारची संध्याकाळ सांगायची आहे. लिलाव मोडला, माणसं पांगली आणि साळूबाई माझ्याबरोबरच मागच्या फाटकातून आली. चार कधीच वाजून गेले होते. मी चहा केला. ती ओट्यावर बसली, पण पाय पसरले नाहीत.

"आता घरी गेल्यावर काय म्हणतील?" मी विचारलं.

"भाऊजी? काय न्हाई म्हणायचे. जाऊबाई म्हणल, एवढी वर्सं गप व्हता, गपच बरं व्हता." मग तिनं कालव्याकडे पाहिलं. तिकडे कोपऱ्यात बाया अजून वाकलेल्या दिसत होत्या. "पण बाई, बायडीचं तोंड पाहिलं का? मला वाटलं मी देव तिच्यासाठी मांडला. ती बया त्याला जेवूसुदीक घालत आसंल."

मी म्हणाले, घालत असेल.

"मंग आता मलाबी नारळ न्यावा लागंल," साळूबाई म्हणाली. तिनं बशीतला चहा सावकाश संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाली, "झाला दवाखाना."

ती गेल्यावर दिवेलागणीला बायडाबाई आली. पदरात ओल्या शेंगा होत्या, माझ्या परातीत ओतल्या. मी नको म्हणत होते तर म्हणाली, दवाखान्याच्या वाट्याच्या आहेत. बहुतेक हे साळूबाईनंच तिला शिकवलं होतं. पणतीला तेल हवं का म्हणून मी विचारलं, ती म्हणाली, आहे.

त्या रात्री डायरीत लिहिलं: पंप दुरुस्त झाला. ओल्या शेंगा मीठ घालून उकडल्या, उरलेल्या सकाळी गच्चीवर वाळत घालायच्या. मीठ संपलं आहे, उद्या आणायचं.